वापरलेल्या गाडीतील पाण्याचे लपलेले नुकसान: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबावे

पाण्यात उभी राहिलेली गाडी दुरुस्तीला येते तेव्हा तिचा मालक पाण्याची तक्रार घेऊन येत नाही. तो सांगतो की मागची काच कधी खाली जाते, कधी जात नाही. एअरबॅगचा दिवा मध्येच लागतो आणि दोन दिवसांनी आपोआप विझतो. गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. तोवर त्याने बॅटरी बदललेली असते, काचेचे बटण बदललेले असते, एखादा सेन्सरही बदलून झालेला असतो आणि तरीही तोच बिघाड परत आलेला असतो. अशा गाडीची पुढची सीट काढून कार्पेट उचलले की खालचा फोम ओला सापडतो, त्याखाली गाळाचा पातळ थर असतो आणि त्या थरातून जाणाऱ्या वायरिंगच्या जोडांवर हिरवा कळंक चढलेला असतो. हा बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे, आणि त्यातील बहुतेक गाड्यांच्या बाबतीत तो गाडी विकत घेण्यापूर्वीच, एका टॉर्चच्या आणि थोड्या धीराच्या मदतीने, ओळखता आला असता.

बुडालेली गाडी विकण्यापूर्वी स्वच्छ केली जाते, आणि ती चांगली स्वच्छ केली जाते. सीट धुतल्या जातात, डॅशबोर्डला पॉलिश होते, पायाखालच्या मॅट नव्या येतात. परंतु सीटबेल्टचे रीळ उघडणे, वायरिंग सोडवणे किंवा दाराच्या पोकळीतला गाळ काढणे यासाठी लागणारे श्रम विकणाऱ्याला परवडत नाहीत. म्हणून तपासणी करायची ती दिसणाऱ्या जागांची नव्हे, तर ज्या जागा साफ करणे कोणालाच परवडत नाही अशा जागांची. तिथे दोनच प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात: पाणी किती उंचीपर्यंत आले होते, आणि ते कसले होते, म्हणजे पावसाचे स्वच्छ, पुराचे गढूळ की समुद्राचे खारे.

नुकसान उशिरा का दिसते

वाळवलेली गाडी सुरू होते आणि काही महिने नीट चालते, त्यामुळे धोका टळला असे वाटते. प्रत्यक्षात तो तेव्हा सुरू होतो. गाडी बंद असली तरी तिच्या अनेक तारांमध्ये बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब कायम असतो. कनेक्टरमध्ये ओल राहिली की शेजारच्या दोन पिनांमधून त्या ओलीतून सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो, आणि त्या विद्युतरासायनिक क्रियेत पिनेचा धातू हळूहळू खाल्ला जातो. शिवाय तारेच्या आत तांब्याच्या बारीक काड्यांचा पीळ असतो. त्या काड्यांमधील फटींतून पाणी आवरणाच्या आत वर चढत जाते. त्यामुळे टोक घासून स्वच्छ केले तरी आतली तार काळी पडलेली असते. ज्या सेन्सरचा संदेश अगदी थोड्या व्होल्टेजचा असतो त्याच्या मार्गात किंचित अवरोध वाढला तरी संदेश चुकतो. अवरोध तापमानानुसार आणि हवेतील दमटपणानुसार बदलतो, म्हणून बिघाड येतो, जातो आणि गॅरेजमध्ये नेल्यावर नेमका दिसत नाही.

लक्षणे

पहिले लक्षण कुबट वास, आणि त्याच्या जोडीचे दुसरे म्हणजे तो झाकण्यासाठी मारलेला उग्र सुगंध. कोरड्या हवेतही काचांवर आतून वाफ धरणे, एसी सुरू करताच पहिल्या मिनिटभरात दमट झोत येणे, ब्लोअरच्या मोटरचा किरकिर आवाज, दारातील स्पीकरचा फाटका आवाज, बटणे चिकटल्यासारखी वाटणे, सीटची मोटर अडखळत सरकणे, सेंट्रल लॉकने एखादे दार सोडून देणे, ही सारी लक्षणे आहेत. यातील कोणतेही एक लक्षण एकटे काहीच सिद्ध करत नाही, कारण प्रत्येकाला दुसरे साधे कारण असू शकते. परस्परांशी काही संबंध नसलेले दोन-तीन विजेचे बिघाड एकाच गाडीत एकत्र दिसले, तर मात्र त्यांना जोडणारी गोष्ट बहुधा पाणी असते.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरील इशाऱ्याचे सगळे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग एकेक करून विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर ती तक्रार आहेच. परंतु तो मुळी लागतच नसेल तर ती अधिक गंभीर बाब आहे, कारण बिघाड लपवण्यासाठी तो दिवा बंद केलेला असू शकतो.

आणखी एक लक्षण बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ते म्हणजे वयातील विसंगती. गाडी आठ-दहा वर्षांची, स्टिअरिंग आणि पेडलची रबरे झिजलेली, परंतु कार्पेट आणि सीटची कव्हरे कोरी करकरीत असतील, तर ती का बदलली हे विचारलेच पाहिजे.

पहिली पायरी: कागद आणि एक प्रश्न

याला काही खर्च येत नाही, म्हणून सुरुवात इथून करावी. गाडीचे मालक कधी आणि कोठे बदलले, एखाद्या मालकाने ती काही महिन्यांतच विकली का, मोठ्या पुरानंतर लगेच ती दूरच्या भागात नोंदवली गेली का, विम्याचा मोठा दावा झाला का, हे पाहावे. चेसिस नंबर कागदावर आणि गाडीवर अक्षर न् अक्षर जुळतो का, हे स्वतः वाचून पाहावे. कागद स्वच्छ असणे हा मात्र पुरावा मानू नये; विम्याचा दावा न करता स्वखर्चाने वाळवलेल्या गाडीची नोंद कोठेच होत नाही.

“गाडी पाण्यात गेली होती का?” असे विचारले की उत्तर नाही असेच येते. त्याऐवजी “कार्पेट कधी बाहेर काढले होते का, आणि कशासाठी?” असे विचारावे. प्रामाणिक विक्रेता सनरूफ गळल्याचे किंवा एसीचे पाणी आत आल्याचे सांगतो आणि दुरुस्तीची पावती दाखवतो. जो कार्पेटला हात लावू देत नाही, त्याच्या गाडीची पुढची तपासणी करण्यात वेळ घालवू नये.

दुसरी पायरी: वास

गाडी पाहायला जाण्यापूर्वी, सुगंधी डबी काढून ठेवा आणि काचा बंद ठेवा, असे कळवावे. दार उघडल्यावर पहिला श्वास महत्त्वाचा, कारण काही मिनिटांत नाक त्या वासाला सरावते. नंतर बाहेरची हवा बंद करून, आतलीच हवा फिरवणाऱ्या स्थितीत ब्लोअर पूर्ण वेगाने चालवावा. केवळ एसी चालू करताना थोडा आंबूस वास येऊन तो लगेच विरला, तर तो बाष्पित्रावर, म्हणजे एसीच्या हवा थंड करणाऱ्या भागावर, साचलेल्या बुरशीचा असतो आणि ती साफ होते. वास टिकून राहिला आणि पायांकडून येत असेल, तर तो कार्पेटखालचा आहे.

तिसरी पायरी: कार्पेटखालचा फोम

माझ्या मते संपूर्ण तपासणीतली ही सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि तिला एक कोरडा पांढरा टिश्यू पेपर पुरतो. कार्पेट वरून कोरडे असणे निरर्थक आहे. त्याच्या पाठीला फोमचा किंवा दाबलेल्या तंतूंचा जाड थर असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि वर जाड कार्पेट, खाली पत्रा अशी स्थिती असल्याने ते पाणी आठवडेच्या आठवडे सुकत नाही. याच थरातून किंवा त्याच्या कडेने, दाराच्या उंबरठ्यालगत, गाडीच्या पुढून मागे जाणारा वायरिंगचा मुख्य जुडगा गेलेला असतो.

मॅट काढून चारही जागी तळव्याने पूर्ण वजन देऊन दाबावे. नंतर विक्रेत्याच्या परवानगीने उंबरठ्यावरील प्लास्टिकची पट्टी सोडवावी. ती बहुतेक गाड्यांत केवळ क्लिपांवर बसलेली असते आणि सरळ वर ओढली की निघते. कार्पेटची कड उचलून फोमच्या तळाशी टिश्यू दाबून धरावा. तो ओला झाला तर प्रश्न मिटला. तो कोरडा राहिला, तर पत्र्यावर बोट फिरवून पाहावे. रस्त्यावरून आलेली धूळ खरखरीत असते आणि ती पायांच्या जागी, कार्पेटच्या वरच्या बाजूला साचते. पुराचा गाळ पिठासारखा मऊ असतो आणि तो अशा कोपऱ्यांत सापडतो जिथे कोणाचा बूट पोहोचूच शकत नाही. लाकडातील ओल मोजणारे छोटे यंत्र जवळ असेल तर त्याच्या सुया चारही जागी फोममध्ये टोचून आकड्यांची तुलना करावी. यंत्र लाकडासाठी असल्याने आकडा स्वतः खरा नसतो, परंतु एका कोपऱ्यातला आकडा इतरांहून स्पष्टपणे मोठा असणे पुरेसे बोलके आहे.

चौथी पायरी: सीटबेल्ट

प्रत्येक बेल्ट सावकाश, अडेपर्यंत पूर्ण बाहेर ओढावा. शेवटचा हातभर भाग एरवी कधीच बाहेर येत नाही, म्हणून सफाईतही तो सुटतो. त्यावर आडवी तपकिरी रेघ, गाळाचे कण किंवा बुरशीचे ठिपके असतील, तर पाणी खांबातल्या रिळापर्यंत पोहोचले होते, आणि यातूनच उंचीचा अंदाज मिळतो. रीळ अनेक गाड्यांत मधल्या खांबाच्या तळाशी असते. बेल्टच्या टोकाजवळ शिवलेल्या लेबलवर बहुधा निर्मितीची तारीख असते. गाडीच्या वर्षाहून ती बरीच नंतरची असेल, तर बेल्ट बदललेला आहे, आणि त्यामागे अपघात तरी असतो किंवा पाणी तरी.

पाचवी पायरी: सीटखाली आणि डॅशबोर्डखाली

सीट पुढे सारून टॉर्चने खाली पाहावे. सीटचे रूळ, त्यांचे बोल्ट, स्प्रिंगा आणि पेडलच्या वरचा आधार हे भाग नेहमी छपराखाली असतात. गाडीच्या खालच्या बाजूला, सायलेन्सरवर किंवा ब्रेकच्या चकतीवर गंज असणे सामान्य आहे, आणि दमट हवेत तो फार लवकर येतो. प्रवासी बसतात त्या जागेच्या आत, रंग न लावलेल्या स्क्रूवर गंज असणे मात्र सामान्य नाही. सीटच्या बोल्टच्या कडा पान्ह्याने घासलेल्या दिसल्या तर सीट कधीतरी काढली होती, हे त्यावरून कळते.

इथे पिवळे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅगचे आणि बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात. ते पाहावेत, परंतु ओढू नयेत, हलवू नयेत आणि त्यांवर मल्टिमीटर तर कधीच लावू नये, कारण मीटरचा सूक्ष्म प्रवाहही स्फोटक घटकापर्यंत पोहोचू शकतो. अनेक गाड्यांत एअरबॅगचे मुख्य नियंत्रक दोन पुढच्या सीटच्या मधल्या उंचवट्यावर, म्हणजे जमिनीच्या अगदी जवळ असते. गाडीतील माणसांचे प्राण वाचवणारा भाग पाण्याच्या वाटेत पहिल्या काही भागांत असतो, आणि म्हणून “फक्त पायांपर्यंतच पाणी आले होते” हे वाक्य ऐकून मी कधीच निश्चिंत होत नाही.

डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सचे झाकण काढून फ्यूजच्या पायांपाशी हिरवा किंवा पांढरा चुरा आहे का ते पाहावे. केबिनचा एअर फिल्टर बहुधा डॅशबोर्डमधील सामानाच्या खणामागे (ग्लोव्ह बॉक्समागे) असतो. तो काढून त्याच्या घड्यांवर पाण्याची रेघ दिसते का, हेही पाहून घ्यावे. त्या उंचीवर रेघ असेल तर पाणी डॅशबोर्डपर्यंत आले होते, आणि पुढची कोणतीही तपासणी करण्याचे कारण उरत नाही.

सहावी पायरी: डिकी, दारे आणि दिवे

स्टेपनी उचलून तिच्या खोबणीचा तळ पाहावा. तिथे पाणी, गाळ किंवा जॅकवर गंज असेल तर तो नोंदवावा. मात्र मागच्या दिव्याचे किंवा डिकीच्या दाराचे रबर गळाल्यानेही तिथे स्वच्छ पाणी साचते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्याची छिद्रे असतात. त्यांत काडी फिरवून काय बाहेर येते ते पाहावे. हेडलाइटच्या आत थोडी वाफ धरणे नैसर्गिक आहे, कारण दिव्यांना हवेसाठी छिद्रे ठेवलेली असतात. आडवी, सरळ, गाळाची रेघ नैसर्गिक नाही.

सातवी पायरी: बोनेटखाली, इंजिन थंड असताना

इंजिन पाण्याच्या दाबाने धुतलेले असते, म्हणून वरचा चकचकीतपणा सोडून द्यावा आणि अल्टरनेटरच्या जाळीत, रेडिएटरच्या मागच्या बाजूला, केबिनच्या भिंतीलगत वायरिंगच्या मागे टॉर्च मारावी. ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी आणि तांब्याच्या टोकांवर कळंक यांकडे लक्ष द्यावे.

एअर फिल्टरचा कागद एकदा भिजून वाळला की तो पूर्वीसारखा सपाट राहत नाही. फिल्टर नवा असेल तर डब्याचा तळ आणि पुढची नळी पाहावी, कारण फिल्टर बदलणारा ती नळी क्वचितच पुसतो. ही बाब महत्त्वाची आहे, कारण त्या नळीतून पाणी गेले असेल तर ते सिलिंडरमध्ये गेले असण्याची शक्यता असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना त्याला पाणी अडवते आणि पिस्टनचा दांडा वाकतो. थोडासा वाकलेला दांडा असलेले इंजिन सुरू होते आणि काही काळ चालतेही. परंतु त्या सिलिंडरचा दाब कमी राहतो आणि पुढे कधीतरी तो दांडा तुटून इंजिन निकामी होते.

डिपस्टिकवरील (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरील) ऑइल दुधाळ दिसणे हे पाण्याचे चिन्ह आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली जमलेला थोडा दुधाळ थर मात्र थंड हवेत आणि छोट्या अंतराच्या वापरातही दिसतो, म्हणून निर्णय डिपस्टिकवरून घ्यावा. ऑइल नुकतेच बदललेले असेल तर ते काहीच सांगत नाही. अशा वेळी गिअरबॉक्सचे ऑइल अधिक विश्वासू साक्षीदार ठरते, कारण ते बदलण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. गिअरबॉक्सला हवा बाहेर सोडणारी नळी असते. गरम गिअरबॉक्स अचानक पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि त्या नळीच्या वाटे पाणी आत ओढले जाऊ शकते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचच्या चकत्यांवरचे घर्षण-अस्तर चिकटवलेले असते आणि पाण्याने ते सुटू लागते. अनेक नव्या गाड्यांत या ऑइलसाठी डिपस्टिकच नसते. तिथे हे काम मेकॅनिककडे सोपवावे.

दुधाळ ऑइल दिसले तर इंजिन सुरू करू नये आणि सुरू करून दाखवण्याचा आग्रहही धरू नये.

गळती की पूर?

इथपर्यंत ओल सापडली म्हणजे गाडी बुडालीच होती असे नाही, आणि हा फरक ओळखल्याने एखादी चांगली गाडी उगाच नाकारण्याची वेळ टळते. एसीच्या पाण्याचा निचरा करणारी नळी तुंबली की पाणी पुढच्या एका बाजूच्या पायांपाशी उतरते. ते स्वच्छ असते आणि एसी चालवल्यावरच वाढते. हीटरचा छोटा रेडिएटर गळत असेल तर ओल चिकट असते, तिला गोडसर वास येतो आणि काचेवर तेलकट वाफ धरते. सनरूफच्या नळ्या तुंबल्या तर छताच्या अस्तरावर आणि खांबांच्या कडेला डाग दिसतात. पुढच्या काचेच्या खाली साचलेला पालापाचोळा पाण्याची वाट अडवतो, तेव्हा ते ब्लोअरमधून किंवा भिंतीच्या रबरी बुचातून आत येते. दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या पडद्याचा चिकटपणा गेला की त्याच दाराच्या पायथ्याशी ओल येते.

या सगळ्या गळत्यांत पाणी वरून येते आणि एका बाजूला राहते. पूर खालून येतो, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर चढतो आणि मागे गाळ ठेवतो. शंका उरली तर एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने नळीने हलक्या धारेचे पाणी आधी काचेच्या पायथ्याशी, मग दारांवर, शेवटी छतावर, प्रत्येक जागी काही मिनिटे सोडावे. खालून वर जाण्याचा हा क्रम पाळला नाही, तर वरचे पाणी सगळीकडे ओघळते आणि उगम सापडत नाही.

स्वच्छ पाण्याची, लवकर लक्षात आलेली गळती दुरुस्त होते. मात्र गळतीचे पाणी सीटखालच्या एखाद्या नियंत्रकापर्यंत महिनोन्महिने पोहोचत असेल, तर नुकसान पुराइतकेच होऊ शकते. म्हणून गळतीचा उगम सापडला तरी कार्पेटखालचे कनेक्टर पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

आठवी पायरी: स्कॅनर आणि मीटर

डॅशबोर्डखाली १६ पिनांचे निदान-कनेक्टर असते. स्कॅनर लावण्यापूर्वी त्याच्या पिना टॉर्चने पाहाव्यात. तिथे कळंक असेल तर पाणी गुडघ्यापर्यंत आले होते. स्वस्त स्कॅनर फक्त इंजिन वाचतात. पाण्याच्या शोधासाठी एअरबॅग, एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), दारे आणि डॅशबोर्ड यांची सगळी नियंत्रके वाचणारा स्कॅनर हवा. बिघाडाच्या कोडचे पहिले अक्षर पाहावे: ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे चेसिस, ‘बी’ म्हणजे बॉडी, आणि ‘यू’ म्हणजे नियंत्रकांचा आपसातील संपर्क. अनेक ‘यू’ कोड एकदम दिसणे, त्यांच्या जोडीला वेगवेगळ्या नियंत्रकांत कमी व्होल्टेजची तक्रार असणे, हे ओल्या वायरिंगचे ओळखीचे रूप आहे. बॅटरी पूर्ण उतरून गेल्यावरही असे कोड साठतात, म्हणून ते पुसून, गाडी चालवून पुन्हा वाचावे लागतात.

एकही कोड नसेल तर स्कॅनरवर प्रदूषण-नियंत्रणाच्या आत्मचाचण्या पूर्ण झाल्या आहेत का ते पाहावे. कोड पुसले की या चाचण्या अपूर्ण स्थितीत जातात आणि काही दिवसांच्या वापराशिवाय सगळ्या पूर्ण होत नाहीत. बॅटरी काढून लावल्यानेही असे होते, म्हणून तो थेट आरोप नव्हे. परंतु अशा वेळी “कोड नाहीत” या वाक्याला किंमत उरत नाही, आणि काही दिवसांनी पुन्हा वाचन करू द्यावे अशी मागणी रास्त ठरते.

ज्यांना मीटर हाताळता येतो त्यांनी बंद गाडीचा प्रवाह मोजावा. गाडी लॉक करून, सगळी नियंत्रके झोपी जाण्यासाठी सुमारे एक तास थांबून, बॅटरीच्या तारेभोवती कमी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावावा. ५० मिलिअँपिअरच्या आतला आकडा सर्वसाधारणपणे ठीक मानतात. तो ५०० असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या आत रिकामी होते. हीच ती वारंवार बॅटरी बदलणाऱ्यांची तक्रार.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पाण्याची खूण सीटच्या बैठकीच्या वर असेल, तर गाडी नाकारावी. तज्ज्ञाला बोलावण्याचाही खर्च करू नये. पाणी खारे होते असे कळले तर उंची कितीही कमी असो, नाकारावी, कारण वाळल्यावर मागे राहिलेले क्षार हवेतील ओल शोषत राहतात आणि गंज थांबत नाही. खूण सीटच्या खालीच आहे, पाणी गोडे होते, आणि गाडी तरीही घ्यावीशी वाटते, अशा वेळीच व्यावसायिकाची गरज लागते. तो विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा, आणि इंजिनच्या मेकॅनिकबरोबर गाड्यांचा इलेक्ट्रिशियनही असावा, कारण ही दोन वेगळी कामे आहेत.

त्यांच्याकडून पुढील कामे लेखी अहवालासह करून घ्यावीत: सीट काढून कार्पेट पूर्ण उचलणे, जमिनीलगतचे सगळे कनेक्टर उघडून पाहणे, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणे, गिअरबॉक्सच्या ऑइलचा नमुना काढणे आणि एअरबॅगच्या नियंत्रकाची स्थिती तपासणे. भिजलेले एअरबॅग नियंत्रक, एअरबॅग किंवा बेल्टचे ताणक वाळवून पुन्हा वापरायचे नसतात, ते बदलायचेच असतात. तो खर्च मिळवल्यावर सौदा परवडतो का, हे विसार देण्यापूर्वी ठरवावे.

हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत ग्राहकाने तिसऱ्या-चौथ्या पायरीपुढे जाऊच नये. नारिंगी आवरणाच्या तारांमध्ये शेकडो व्होल्ट असतात, आणि इलेक्ट्रिक गाडीचा बॅटरीसंच बहुधा गाडीच्या तळाशी, म्हणजे पाण्याच्या पहिल्या स्पर्शाच्या जागी असतो. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान चक्रीवादळात खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी पाणी ओसरल्यानंतर पेट घेतला होता, कारण बॅटरीच्या आत राहिलेले क्षार दोन ध्रुवांमध्ये हळूहळू वाट तयार करू शकतात. अशा गाडीची तपासणी उच्च व्होल्टेजचे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञानेच, विद्युतरोधक क्षमतेच्या चाचणीसह करावी. बॅटरी पाण्याखाली गेल्याची शंका असलेली गाडी तोवर चार्जिंगला लावू नये, बंद जागेत ठेवू नये आणि इमारतींपासून व इतर वाहनांपासून किमान १५ मीटर दूर उभी करावी.